चोवीसचा बोल्ट

जठारपेठ, अकोला
बुधवार, दुपार

प्रिय जवाईबापू प्रीतमराव,

सप्रेम जय भीम.

पाकिटावर सासऱ्याचं अक्षर पाहून दचकू नका. इकडे सगळे खुशाल आहेत. कोणी आजारी नाही, कोणाचं काही अडलेलं नाही. तुमच्या सासूबाई शुक्रवारी सकाळच्या एसटीनं अमरावतीला येताहेत. त्यांच्या पिशवीत शेवया आहेत, कुरडया आहेत, कैरीचं लोणचं आहे आणि सगळ्यात खाली हे पत्र आहे. फोन काहून नाही केला म्हणाल, तर या आठवड्यात तीनदा केला. तिन्ही वेळा तुम्ही 'बोला मामाजी' म्हणालात, आणि तिन्ही वेळा मी तुमच्याकडे ऊन किती आहे तेवढंच विचारलं. अमरावतीला चव्वेचाळीस, अकोल्याला पंचेचाळीस. एका डिग्रीच्या फरकासाठी तीन फोन करणारा माणूस तुम्हाला बावळटच वाटला असेल. शेवटी म्हटलं, डोमाजी, तोंडानं जमत नाही तर लिहून पाहा.

मागच्या बुधवारी दीपमालाचा तिच्या आईला फोन आला. मी बाजूलाच कांदे निवडत होतो आणि कान तिकडेच होता, हे कशाला लपवू. तुम्ही मोटरसायकल विकायला काढली, येत्या शनिवारी बडनेऱ्याचा कोणी माणूस पाहायला येणार, हे तेव्हा कळलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुम्ही पोरांना दर शनिवारी हत्यारं कशी वापरावी ते शिकवत होता, तो वर्गही बंद केला म्हणे. ज्याची स्वतःची गाडी रस्त्यात पडली त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं, असं म्हणता म्हणे. माझं तर डोकंच फिरलं. फेब्रुवारीत अकोल्याहून परत जाताना मूर्तिजापूरच्या पुढे इंजिनखालचा ऑइलचा बोल्ट गळून पडला, ऑइल मागच्या चाकावर आलं, गाडी घसरली, पोरीचा गुडघा सोलवटला, तुमच्या कोपराला चार टाके पडले. वाईटच झालं. पण त्यासाठी एवढ्या हौसेनं घेतलेली गाडी विकायची? काहून बाप्पा? माझी एकच विनंती आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्या बडनेऱ्याच्या माणसाला किल्ली देऊ नका.

आता एक बातमी. खुर्चीवर बसून वाचा. तुमच्या सासऱ्यानं टॉर्क रेंच विकत घेतला! हो, मीच. तेहतीस वर्षं एसटीच्या डेपोत फिटर राहिलेल्या या माणसानं ऐन मे महिन्याच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून बाजार गाठला आणि हत्यारांच्या दुकानात जाऊन म्हटलं, भाऊ, किती आवळलं ते मोजणारा पाना दाखवा. दुकानदार मला जुना ओळखतो. एसटीचा माणूस म्हणून त्यानं हाताएवढा लांब, भल्ला जड पाना समोर ठेवला. चाळीसपासून दोनशेपर्यंत आकडे. खरं सांगतो, जीव जडला त्याच्यावर. हातात घेतल्यावर काहीतरी घेतल्यासारखं वाटत होतं. पण तेवढ्यात तुमचं बोलणं आठवलं. तुम्ही शेजारच्या केशवरावांना समजावून सांगितलं होतं की बाजार समितीच्या मोठ्या काट्यावर लसणाची गड्डी ठेवली तर काटा हलतो का? तसंच पान्याचं असतं. आपल्याला जो आकडा लागतो तो पान्याच्या पट्टीवर मधोमध यायला पाहिजे, अगदी तळाला नको आणि अगदी टोकाला नको. तुमच्या गाडीच्या त्या बोल्टाचा आकडा चोवीस. चाळीसपासून सुरू होणाऱ्या पान्याला चोवीस कसा कळणार? ठेवला परत.

मग त्यानं लावलेला आकडा आला की खट् वाजणारे दाखवले, तुमच्याकडे आहे तसे. एक सेलवर चालणारा दाखवला, त्यात आकडे लाल दिव्यासारखे पेटतात. मी म्हटलं, सेल संपले की हा काय करतो? तो म्हणाला, काही नाही करत. मग सगळ्यात मागच्या फळीवरून त्यानं धूळ झटकत एक साधा काट्याचा पाना काढला. एक दांडी वाकते, एक सरळ राहते, सरळ दांडीचं टोक पट्टीवर आकडा दाखवतं. शून्यापासून ऐंशीपर्यंत. ना स्प्रिंग, ना सेल. आजकाल हा कोणी घेत नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मला आवळायला नको, तपासायला पाहिजे. काय तपासता, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आमच्या जवाईबापूंचा पाना. तो हसला आणि पिशवीत घालून दिला.

तुमचा पाना माझ्याकडे आहे, हे तुम्हाला आठवतच असेल. त्या दिवशी मी शेजाऱ्याची व्हॅन घेऊन मूर्तिजापूरला पोचलो तेव्हा तुम्ही लिंबाच्या झाडाखाली बसला होता, पँट ऑइलनं काळी झालेली, कोपराला दीपमालाची ओढणी बांधलेली. तुम्ही डिकीतून तो लाल डबा काढून माझ्या हातात दिला. म्हणालात, "मामाजी, ठेवा हे तुमच्यापाशी. माहीच चूक झाली. आकडा चुकीचा लावला असन मी." त्यावर मी काय म्हणालो ते तुम्ही मोठ्या मनानं विसरला असाल, मी नाही विसरलो. मी म्हणालो, मी तर आधीच सांगत होतो.

खरंच, आदल्या संध्याकाळी मी सांगत काय होतो? टिंगलच करत होतो ना. तुम्ही आमच्या अंगणात गाडी उभी करून ऑइल बदलत होता आणि मी केशवरावांना शेजारी बसवून चहा पीत तमाशा पाहत होतो. तुम्ही बोल्ट पुसून कोरडा केला, नवा वॉशर घातला, बोटांनी फिरवत नेला. मग पाना चोवीसवर लावला, मुठीच्या जागीच धरला आणि सावकाश ओढला. खट् झालं आणि तुम्ही हात काढला. मी म्हटलं, एवढंच? तुम्ही म्हणालात, एकदा वाजला की थांबायचं, पुन्हा पुन्हा वाजवलं की जास्त आवळलं जातं. बोल्ट खोलायचा होता तेव्हाही तुम्ही हा पाना वापरला नाही, साधाच घेतला. काम झाल्यावर आकडा खाली उतरवला, आतल्या स्प्रिंगवर उगाच ताण नको म्हणून, आणि डब्यात घालून झाकण लावलं. मी केशवरावांना म्हटलं, हळू बोला बरं, जवायाचा पाना झोपला आहे. ते पोट धरून हसले. तुम्हीही हसलात.

मी डेपोत चाकवाला होतो. बसच्या चाकाच्या नटाला पाना लावायचा, पान्यात लांब पाइप घालायचा आणि पाइपवर उभं राहून अंगाचा भार टाकायचा, हे माझं काम. मी आवळलेलं चाक कधी सुटलं नाही, याचा मला गर्व होता आणि अजूनही आहे. तो मी या पत्रात सोडणार नाही. पण त्या गर्वापायी मार्चमध्ये दर्यापूरला मी जे केलं, ते आज आठवलं की लाज वाटते. माझा चुलतभाऊ भगवंत, त्याच्या मोनालीचं लग्न. पंगत बसलेली, पन्नास-साठ सोयरे. कोणीतरी तुमच्या कोपराचं विचारलं आणि मला जोर चढला. आमचे मीटरवाले जवाई, बोल्ट आवळायला पुस्तक उघडतात, खट् वाजलं म्हणून खुश होतात आणि बोल्ट मूर्तिजापूरला टाकून देतात. असा साग्रसंगीत किस्सा मी उभा राहून, हातवारे करून सांगितला. मंडप हसून लोटपोट. तेव्हापासून दर्यापूर ते अकोला तुमचं नाव मीटरवाले जवाई पडलं. तुम्ही वरणाची वाटी हातात धरून हसलात, पण दीपमाला हसली नाही. ती ताटावरून उठून हात धुवायला गेली, ते मी पाहिलं आणि तरी किस्सा पुरा केला.

तर रविवारी सकाळी मी पाना तपासायला बसलो. तुमचा खट् वाजणारा आणि माझा काट्याचा, दोन्हींचे चौकोनी दांडे एकमेकांत बसावेत म्हणून टर्नरकडून एक छोटा तुकडा करून आणला होता. जात्यावर दोघं बसतात तसे मी आणि तुमच्या सासूबाई जयवंता समोरासमोर बसलो. तिनं काट्याच्या पान्याची मूठ घट्ट धरली, मी तुमचा पाना चोवीसवर लावून सावकाश ओढला. खट् झालं की काटा कुठं आहे ते तिनं चष्मा लावून वाचायचं. मला मनातून वाटत होतं की ती चाळीस म्हणेल. निदान पस्तीस तरी म्हणेल. देवाधर्माचा मी माणूस नाही, पण त्या वेळी कोणाला तरी साकडं घालावं असं वाटलं. ती म्हणाली, चोवीस. मी म्हटलं, नीट पाहा. दुसऱ्यांदा चोवीस. तिसऱ्यांदा पंचवीसच्या जरा अलीकडे. जयवंता म्हणाली, जवायाचा पाना तर सोन्यासारखा आहे, तुमचं तोंड काहून उतरलं?

मी म्हटलं, आता माझा हात मोजू. भंगारवाल्याकडून एका जुन्या मोटरसायकलीच्या इंजिनाचं खालचं खोकं आणलं होतं, ॲल्युमिनियमचं, तुमच्या गाडीसारखंच. त्यात तसाच बोल्ट घातला. काट्याच्या पान्यावरची पट्टी मला दिसू नये म्हणून जयवंतानं पदर आडवा धरला आणि स्वतः वाकून पाहत राहिली. मी रोज आवळतो तसाच आवळला, ना कमी ना जास्त. ती म्हणाली, अठ्ठावन्न. बोल्ट सैल करून पुन्हा आवळला. बासष्ट. ती हसायला लागली. म्हणाली, तेहतीस वर्षांचा हात म्हणता आणि दुपटीच्या वर जाता! मलाही हसू आलं. मग तिसऱ्यांदा आवळला. आधी घट्ट झाला, आणखी घट्ट झाला, आणि मग एकाएकी हाताखालून नरम पडला. आतले आटे गेले. काटा शून्याकडे आला आणि बोल्ट नुसता गोल गोल फिरायला लागला.

मी हात काढून घेतला. जयवंतानं पदर खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार आहे, तिला काट्याची गरज नसते. ती म्हणाली, "असंच झालतं का हो त्या दिवशी?"

हो. असंच झालं होतं. प्रीतमराव, आता सरळ लिहितो, नाहीतर पुन्हा ऊन किती आहे ते विचारत बसेन. तुम्ही निघायच्या दिवशी सकाळी साडेपाचला तुम्ही दोघं झोपेत असताना मी अंगणात गेलो. डेपोत माझ्या हाताखालून न गेलेली गाडी फाटकाबाहेर गेली नाही. आणि आता माझी लेक आणि माझे जवाई ज्या गाडीवर बसून जाणार तिला मी हातही न लावता निरोप द्यायचा? चहा, टॉवेल तर कोणीही देतो, पण जवायाचा मान म्हणून माझ्यापाशी द्यायला एकच गोष्ट होती, माझ्या हाताचं काम. मी एकेक नट तपासला. चाकाचे ठीक होते. मग खालचा तो बोल्ट. बारका पाना लावला, तर तो जागचा हलेना. म्हणजे तुम्ही आवळलेला होता आणि चांगलाच आवळलेला होता. तिथंच थांबायचं. पण खट् वाजल्यावर हात काढणारे तुम्ही माझ्या डोळ्यांपुढे आलात आणि वाटलं, एवढ्यानं काय होतं, अजून एक हात मारू. एक हात मारला. घट्ट झाला. अजून एक मारला. आणि नरम पडला.

फिटरला हे कळत नाही असं होत नाही. मले त्याच क्षणी कळलं. मी काय केलं ऐका. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप त्या बोल्टाला गुंडाळली, कसाबसा अडकवला, खालचं ऑइल चिंधीनं पुसलं आणि चिंधी चुलीत टाकली. अमरावतीपर्यंत टिकेल, असं स्वतःला सांगितलं. तुम्हाला उठवून म्हणायला हवं होतं की गाडी राहू द्या, आज बसनं जा, माझ्याकडून बोल्ट बिघडला. एवढं एक वाक्य. पण आदल्या संध्याकाळी ज्याच्यावर हसलो त्यालाच हे सांगायचं, ते माझ्या तोंडून निघेना. तुम्ही पाया पडायला वाकलात, मी म्हटलं, सावकाश जा. माझ्या पोरीला त्या गाडीवर बसताना मी पाहिलं आणि हात हलवला.

त्यानंतर तीन महिने मी स्वतःला समजावत राहिलो की तुमच्याच पान्यानं आटे आधी ताणले असतील, मी फक्त शेवटचा हात मारला. म्हणून तर काट्याचा पाना घेतला. तुमचा पाना चुकीचा निघावा, एवढीच माझी इच्छा होती. तो चोवीसच निघाला. तुमचं काहीही चुकलं नव्हतं, प्रीतमराव. ना आकडा, ना पाना, ना हात. गाडीही बिचारी चांगली आहे. ती विकायची असेल तर खुशाल विका, तुमची आहे, पण 'माहीच चूक झाली' म्हणून विकू नका. आणि शनिवारचा वर्ग सुरू करा. हवं तर पहिल्या दिवशी मी येऊन पुढच्या बाकावर बसतो आणि ते आटे गेलेलं खोकंही आणतो, पोरांना दाखवायला. इतकं चांगलं उदाहरण तुम्हाला अमरावतीत मिळायचं नाही.

जयवंता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पण ताटाकडे पाहून. काल सकाळी बोलली ते एवढंच, की पोरीच्या गुडघ्यावरचा डाग अजून गेला नाही. मग मी वही काढली. माफी मागावी तर ती या कागदात मागून झालीच आहे, दीपमालाचीही आणि तुमचीही, आणि तुम्ही दोघं मला माफ कराल हेही मला माहीत आहे, कारण तुमचा स्वभाव तसाच आहे. तेवढ्यासाठी मी तीन फोन वाया घालवून हे पत्र लिहिलं नाही. येत्या रविवारी दर्यापूरला भगवंताच्या ललितचं लग्न जुळल्याचं साक्षगंध आहे. तोच मंडप, तेच सोयरे. जेवणं झाली की कोणीतरी नक्की म्हणणार, डोमाजी, मीटरवाल्या जवायाचा किस्सा होऊन जाऊ द्या. मी उठणार आहे. किस्सा अंगणातल्या चहापासूनच सुरू करीन, लोक आधी हसतील, हसू देईन, आणि मग सकाळी साडेपाचला अंगणात कोण होतं ते सांगीन. तुम्ही नाही आलात तरी सांगणारच आहे, हे जयवंताला कबूल केलं आहे. पण तुम्ही नसलात तर माझ्यासाठी ते सोपं होईल, आणि सोपं व्हावं असं काही मी केलेलं नाही. म्हणून तुम्ही दोघं या, आणि अगदी समोर बसा.

तुमचाच,
डोमाजी तायडे